वीस मिलिसेकंदांचा वारसा

एचपी ३४४०१ए हा साडेसहा अंकी मल्टिमीटर १९९० च्या दशकापासून जगभरच्या प्रयोगशाळांत टेबलावर दिसतो. त्याच्या इंटिग्रेशन टाइमच्या पाच पायऱ्या आहेत: ०.०२, ०.२, १, १० आणि १००. एकक आहे ‘पॉवर लाइन सायकल’, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या विजेचं एक आवर्तन. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. पहिल्या पायरीवर हा मीटर समोरच्या व्होल्टेजकडे जेमतेम ०.४ मिलिसेकंद पाहतो आणि शेवटच्या पायरीवर पूर्ण दोन सेकंद. तारा त्याच, मीटर तोच, पण वेळ पाच हजार पटींनी वेगळा. पहिल्या पायरीवर सेकंदाला हजार रीडिंग मिळतात, मात्र अंक साडेचारच. शेवटच्या पायरीवर साडेसहा अंक मिळतात आणि प्रत्येक रीडिंगला दोन सेकंद थांबावं लागतं.

मीटरचा वेळ भिंतीतल्या विजेच्या आवर्तनात का मोजायचा? मोजायची वस्तू बॅटरी असेल, थर्मोकपल असेल. तिचा मेन्सशी काही संबंध नसेल. तरीही अचूक मोजणीचा जवळजवळ प्रत्येक मल्टिमीटर हेच एकक वापरतो. या सवयीचं मूळ शोधत गेलं की सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास हाती लागतो.

काट्याचा वेळ

१८८२ मध्ये फ्रान्समध्ये मार्सेल देप्रे आणि आर्सेन दार्सोन्व्हाल यांनी चुंबकाच्या मधोमध फिरणाऱ्या वेटोळ्याचा गॅल्व्हानोमीटर मांडला. अमेरिकेत न्यूअर्क इथे एडवर्ड वेस्टन यांनी त्याच तत्त्वावर १८८८ च्या सुमारास हातात उचलून नेता येईल असा व्होल्टमीटर बाजारात आणला. वेटोळ्याच्या धातूच्या चौकटीत फिरताना उठणारे भोवरी प्रवाह त्याच्या हालचालीला आवर घालत, त्यामुळे काटा हेलकावे न घेता जागेवर येऊन थांबे. १९२३ मध्ये ब्रिटिश पोस्ट खात्यातले अभियंते डोनाल्ड मॅकेडी यांनी अँपिअर, व्होल्ट आणि ओहम एकाच पेटीत आणले. तो ‘ॲव्हो’ मीटर, आजच्या मल्टिमीटरचा थेट पूर्वज.

या काट्याकडे एक गुण आपसूक होता. वेटोळं, चौकट आणि काटा यांचं वजन इतकं की सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होणं त्यांना जमायचंच नाही. डीसी व्होल्टेजवर मेन्सचा हम, म्हणजे भिंतीतल्या विजेची लहर, चढलेला असला तरी काटा त्याची सरासरी काढून एका ठिकाणी उभा राही. काटा स्थिर होईपर्यंत मोजणारा थांबत असे. तो थांबण्याचा वेळ म्हणजेच इंटिग्रेशन टाइमचं पहिलं रूप, फक्त त्याला कोणी सेटिंग म्हणत नव्हतं.

काट्यावर तीन अंकांपलीकडे वाचणं अवघड. ज्यांना त्याहून अधिक अंक हवे होते ते जर्मन भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांनी १८४१ मध्ये सुचवलेली तुल्य पद्धत वापरत. अनोळखी व्होल्टेजसमोर ओळखीचं व्होल्टेज उभं करायचं आणि गॅल्व्हानोमीटर शून्यावर येईपर्यंत पोटेन्शिओमीटरनं ते कमीजास्त करायचं. ओळखीचं व्होल्टेज येई प्रमाण घटातून. वेस्टन यांचा १८९३ चा कॅडमियम घट २० अंश सेल्सिअसला सुमारे १.०१८३ व्होल्ट देई आणि पुढे कित्येक दशकं तो जगाचा आधार होता.

या कामाचा क्रम नीट पाहण्याजोगा आहे. आधी पोटेन्शिओमीटर प्रमाण घटाशी जुळवायचा, मग अनोळखी व्होल्टेज मोजायचं, आणि मधल्या वेळात पोटेन्शिओमीटरचा स्वतःचा प्रवाह सरकला नाही ना हे बघायला पुन्हा घटाकडे परतायचं. मोजणीचा निम्मा वेळ मोजणीच्या वस्तूवर जाई आणि निम्मा स्वतःच्या उपकरणाची खात्री करण्यात. आजच्या मल्टिमीटरमधलं ‘ऑटो-झिरो’ हे सेटिंग याच शिस्तीचा वारस आहे. ते चालू असलं की मीटर प्रत्येक रीडिंगनंतर बाहेरचा सिग्नल तोडतो, आतलं शून्य मोजतो आणि ते वजा करतो. म्हणूनच ऑटो-झिरो चालू केलं की रीडिंगचा वेळ साधारण दुप्पट होतो. घाईत ते बंद करणाऱ्यानं ध्यानात ठेवावं की त्यानं प्रमाण घटाकडे परत जाणं सोडलं आहे. खोलीचं तापमान बदललं की शून्य सरकेल आणि मीटर काही बोलणार नाही.

अंक आले आणि हम दिसू लागला

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात अँड्र्यू के यांच्या नॉन-लिनिअर सिस्टिम्स या कंपनीनं डिजिटल व्होल्टमीटर बाजारात आणला. त्यात पोटेन्शिओमीटर हाताऐवजी पायरीपायरीनं सरकणारे विद्युत-यांत्रिक स्विच जुळवत. पाठोपाठ व्हॅक्यूम ट्यूब आणि ट्रान्झिस्टरवर चालणारे मीटर आले. त्यांतले काही एका सरळ चढत्या रॅम्पशी सिग्नलची तुलना करत आणि रॅम्प सिग्नलला गाठेल त्या क्षणाचं व्होल्टेज आकड्यात दाखवत.

यंत्र वेगवान झालं आणि एक जुनी गोष्ट उघडी पडली. काट्याचं वजन जो हम गिळत होतं तो आता शेवटच्या अंकांत नाचू लागला. एका क्षणाचं व्होल्टेज पकडणाऱ्या मीटरला तो क्षण आवर्तनाच्या शिखरावर आहे की तळाशी, हे कळायला मार्ग नव्हता.

सरळ उपाय होता फिल्टरचा: मीटरच्या तोंडाशी एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर. पण हिशोब मांडला की अडचण समजते. ५० हर्ट्झचा हम हजारपट कमी करायचा तर अशा साध्या फिल्टरचा टाइम कॉन्स्टंट सुमारे ३.२ सेकंद ठेवावा लागतो. आणि व्होल्टेज बदलल्यावर तो फिल्टर दहा लाखांत एक भाग इतका स्थिर व्हायला तसे जवळजवळ चौदा टाइम कॉन्स्टंट, म्हणजे सुमारे ४४ सेकंद लागतात. एका रीडिंगला पाऊण मिनिट. डिजिटल मीटरचा सगळा वेग फिल्टरच्या दारातच संपला असता.

यातून वाट निघाली ती हमच्या नियमितपणाचाच फायदा घेऊन. मेन्सच्या एका पूर्ण आवर्तनात हम जितका वर जातो तितकाच खाली येतो. म्हणून नेमकं २० मिलिसेकंद व्होल्टेज साठवत गेलं तर हमचा वरचा भाग खालच्या भागाला खाऊन टाकतो आणि उरतं ते फक्त डीसी. फिल्टरला जे काम ४४ सेकंदांत जमत होतं ते इथे एका आवर्तनात होतं. अट एकच, वेळ आवर्तनाच्या पूर्ण पटीत हवा. मल्टिमीटरच्या वेळेचं एकक ठरलं ते या अटीमुळे.

पन्नास कुठून आले

हा २० मिलिसेकंदांचा तुकडा निसर्गानं दिलेला नाही. १८९० च्या दशकात युरोप-अमेरिकेत विजेच्या वारंवारतेचा गोंधळ होता. १८९१ मध्ये लाउफेन ते फ्रँकफुर्ट अशी जी गाजलेली तीन-फेजची लाइन उभी राहिली ती ४० हर्ट्झच्या आसपास चाले. वारंवारता कमी ठेवली की दिव्यांची लुकलुक डोळ्यांना जाणवे. वाढवली की लांब लाइनमधली आणि मोटरमधली अडचण वाढे. बर्लिनच्या एईजीनं ५० हा आकडा धरला, अमेरिकेत वेस्टिंगहाउसनं ६०. पुढे ज्या देशानं ज्या कारखान्याची जनित्रं घेतली तो आकडा त्याच्या वाट्याला आला. जपाननं दोन्हीकडून घेतली: टोकियोत जर्मन, ओसाकात अमेरिकन. त्यामुळे त्या देशाचा पूर्व भाग आजही ५० वर आणि पश्चिम भाग ६० वर चालतो. भारत ५० वर स्थिरावला. एका कारखान्याच्या निवडीचा वारसा आज नाशिकच्या किंवा पुण्याच्या टेबलावरच्या मीटरलाही पाळावा लागतो.

दोन उतारांची युक्ती

‘साठवत जायचं’ हे ठरलं, पण साठवलेलं मोजायचं कसं? १९६० च्या सुमारास काही मीटर व्होल्टेजचं रूपांतर स्पंदांच्या वारंवारतेत करून ठरलेल्या वेळेत किती स्पंद येतात ते मोजत. त्याहून सुटसुटीत उत्तर दिलं रॉसवेल गिल्बर्ट यांनी. वेस्टन कंपनीसाठी काम केलेल्या या संशोधकानं १९५७ मध्ये अर्ज केलेलं पेटंट १९६२ मध्ये मंजूर झालं. काट्याच्या मीटरला नाव मिळवून देणाऱ्या घराण्यातच काट्याला निवृत्त करणारी युक्ती जन्मली. १९६४ मध्ये फेअरचाइल्डच्या स्टीफन अमान यांनीही याच दिशेच्या पेटंटसाठी अर्ज केला.

या युक्तीला ड्युअल स्लोप म्हणतात. समजा एका टाकीत अनोळखी धारेनं ठरलेला वेळ पाणी भरलं, मग ओळखीच्या धारेनं ती रिकामी केली आणि रिकामी व्हायला लागलेला वेळ मोजला. दोन वेळांच्या गुणोत्तरावरून अनोळखी धार कळते. टाकी केवढी होती हे माहीत असण्याची गरजच पडत नाही. मीटरमध्ये टाकीच्या जागी कपॅसिटर असतो. तो थोडा लहानमोठा निघाला किंवा घड्याळ थोडं मागेपुढे चाललं तरी चूक दोन्ही उतारांवर सारखीच होते आणि भागाकारात निघून जाते. अचूकतेसाठी एक चांगलं संदर्भ व्होल्टेज पुरतं. बाकीचे भाग साधे असले तरी चालतात. आणि पहिल्या उताराचा वेळ ठरवणं आपल्या हातात असल्यामुळे तो मेन्सच्या आवर्तनाला जुळवता येतो.

याच युक्तीमुळे डिजिटल मीटर खिशात आला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंटरसिल कंपनीची आयसीएल ७१०६ ही चिप आली आणि साडेतीन अंकी मीटरसाठी लागणारं जवळजवळ सगळं तिच्यात होतं. तिचं वेळापत्रक जवळून पाहू. ऑसिलेटरचे ठोके चारनं भागले जातात. सिग्नल साठवण्याचा टप्पा अशा १००० मोजणींचा आणि पूर्ण रीडिंग ४००० मोजणींचं, ज्यात शून्य जुळवण्याचा टप्पाही आला. ऑसिलेटर ४८ किलोहर्ट्झवर ठेवला तर सेकंदाला तीन रीडिंग मिळतात आणि साठवण्याचा टप्पा ८३.३ मिलिसेकंदांचा होतो. तेवढ्या वेळात ६० हर्ट्झची पाच पूर्ण आवर्तनं बसतात. आपल्या ५० हर्ट्झची मात्र चार पूर्ण आणि वर एक षष्ठांश. हमचा सुमारे ३.८ टक्के भाग रीडिंगमध्ये उतरू शकतो. ऑसिलेटर ४० किलोहर्ट्झवर आणला की रीडिंग सेकंदाला अडीच होतात, पण साठवण्याचा टप्पा बरोबर १०० मिलिसेकंदांचा होतो. त्यात ५० हर्ट्झची पाच आवर्तनं बसतात आणि ६० हर्ट्झची सहा. एका सेकंदात अर्धं रीडिंग कमी घेतलं की मीटर दोन्ही जगांत चालतो. एक दशांश सेकंदाचा हा वेळ कितीतरी उपकरणांत पुन्हा पुन्हा भेटतो, त्याचं कारण हे आहे.

मेन्स जेव्हा भटकत होती

या सगळ्या बांधणीचा पाया एकच: भिंतीतली वीज खरोखर ५० हर्ट्झ असली पाहिजे. आपल्याकडे ती बराच काळ तशी नव्हती. मागणी आणि उत्पादन यांचा मेळ बसत नसलेल्या वर्षांत ग्रिडची वारंवारता ४८ हर्ट्झच्या घरात उतरे आणि रात्री मागणी घटली की ५० च्या वर चढे.

त्याचा मीटरवर होणारा परिणाम आकड्यांत पाहू. डीसी सिग्नलवर १०० मिलिव्होल्टचा हम आहे आणि मीटर नेमकं २० मिलिसेकंद साठवतो आहे. मेन्स बरोबर ५० वर असेल तर हमचा परिणाम शून्य. ४९.९५ वर असेल तर ०.१ मिलिव्होल्टपर्यंत. ४९.५ वर १ मिलिव्होल्टपर्यंत आणि ४८ वर ४ मिलिव्होल्टहून थोडा जास्त. ढोबळ नियम असा की वारंवारता जितके टक्के हुकली तितके टक्के हम रीडिंगमध्ये शिरू शकतो.

यापुढची गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. अशा वेळी एकाऐवजी दहा आवर्तनं घेतली म्हणून फारसं साधत नाही. ४९.५ हर्ट्झवर दहा आवर्तनांच्या, म्हणजे २०० मिलिसेकंदांच्या साठवणीतही हमची कमाल चूक जवळजवळ १ मिलिव्होल्टच राहते. ४८ हर्ट्झवर ती ४.२ वरून ३.२ वर येते, इतकंच. वेळ दहापट खर्च केला आणि हातात चतुर्थांशाचा फायदा आला. अशा मीटरला जास्त वेळ देण्यापेक्षा तारा पिळून घेणं, शिल्डिंग नीट करणं, हम आत येऊ न देणं हाच खरा उपाय.

ग्रिड पुढे सुधारला. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात, म्हणजे महाराष्ट्र-गुजरातच्या ग्रिडवर, उपलब्धतेनुसार दर ठरवण्याची पद्धत देशात सर्वांत आधी लागू झाली. तिच्यात वारंवारता खाली असताना ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढणं महाग पडू लागलं. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचा ग्रिड उरलेल्या देशाशी एका तालात आला. आज नियामकांनी ठरवलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झचा आहे. सोलापूरच्या त्या जोडणीची बातमी विजेच्या पानावर छापली गेली. पण देशभरच्या प्रयोगशाळांतल्या मीटरच्या शेवटच्या अंकांना ज्या स्थिर ग्रिडचा आधार आहे, तो उभारण्यातही अशा कामांचा वाटा आहे.

अंक वाढले, वेळ घटला

ड्युअल स्लोपलाही मर्यादा होती. साडेआठ अंकांसाठी साधारण दहा कोटी ठोके मोजायचे तर २० मेगाहर्ट्झच्या घड्याळाला दुसरा उतार संपवायलाच पाच सेकंद लागतील. कोलोराडोतल्या लव्हलँड इथल्या एचपीच्या अभियंत्यांनी मल्टिस्लोपची वाट विकसित केली. सिग्नल अजून आत येत असतानाच संदर्भ व्होल्टेज उलटसुलट जोडून कपॅसिटरवरचा भार सतत काढत राहायचा आणि किती वेळा काढला याची मोजदाद ठेवायची. शेवटी उरलेला चिमूटभर भार क्रमाक्रमानं मंद होत जाणाऱ्या उतारांनी संपवायचा. बहुतेक अंक साठवणीच्या काळातच हाती येतात. शेवटच्या काही अंकांसाठीच थोडा वेळ लागतो.

या वाटेचं शिखर म्हणजे एचपी ३४५८ए. एप्रिल १९८९ च्या ‘एचपी जर्नल’मध्ये वेन गोके यांनी त्याच्या कन्व्हर्टरची मांडणी केली. एकच कन्व्हर्टर साडेचार अंकांना सेकंदाला एक लाख रीडिंग देतो, साडेपाच अंकांना पन्नास हजार, साडेसहाला सहा हजार, साडेसातला साठ आणि साडेआठला सहा. ही माळ अमेरिकेतल्या ६० हर्ट्झवर आधारलेली आहे, म्हणून साठ आणि सहा. सहा हजार आणि साठ यांच्यामधली दरी नीट बघा. मेन्सच्या एका आवर्तनाच्या अलीकडे आहात तोवर जास्तीचे अंक थोड्या वेळात, स्वस्तात मिळतात. हम घालवायला एक पूर्ण आवर्तन द्यायचं ठरवलंत की वेग एकदम शंभरपट खाली येतो.

एका आवर्तनाच्या पलीकडे मात्र लढत हमशी राहत नाही, ती उरलेल्या यादृच्छिक गोंगाटाशी असते. तो सरासरीनं कमी होतो, पण वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात: गोंगाट दहापट घटवायचा तर वेळ शंभरपट द्यावा लागतो. ३४५८ए मध्ये दहाहून अधिक आवर्तनं मागितली तर मीटर दहा-दहा आवर्तनांची रीडिंग घेऊन त्यांची सरासरी काढतो. आणि या सरासरीलाही शेवट आहे. फार मंद चढउतार, तापमानानं सरकणारे जोड, कनेक्टरमध्ये दोन धातूंच्या सांध्यावर उठणारं थर्मल व्होल्टेज हे जास्त वेळ दिल्यानं कमी होत नाही. उलट त्यांना वाढायला वेळ मिळतो. एकामागून एक पॉइंट मीटरला जोडणाऱ्या स्कॅनरवरचे, समजा एका ओव्हनमधले, शंभर पॉइंट ऑटो-झिरोसह १०० आवर्तनांवर मोजले तर फेरी पावणेसात मिनिटांच्या आसपास जाते, एका आवर्तनावर मोजले तर चार सेकंदांत संपते. पावणेसात मिनिटांत ओव्हनचं तापमान बदलत असेल तर पहिला पॉइंट आणि शंभरावा पॉइंट यांची तुलना करण्यात अर्थ राहत नाही, मग प्रत्येकाचे अंक कितीही सुंदर असोत.

एक वेगळा वेळही याच हिशोबात धरावा लागतो: सिग्नल स्थिर होण्याचा. एक मीटर कोअॅक्स केबलची कपॅसिटन्स साधारण १०० पिकोफॅरड. तिच्यामागे १०० मेगाओहमचा रेझिस्टर असला तर टाइम कॉन्स्टंट १० मिलिसेकंदांचा आणि दहा लाखांत एक भाग इतकं स्थिर व्हायला सुमारे १४० मिलिसेकंद. रेंज बदलल्यावर लगेच एका आवर्तनाचं रीडिंग घेतलं तर मीटर अचूकपणे चुकीचं व्होल्टेज मोजेल. एसी मोजताना तर साठवणीचा वेळ मागे पडतो आणि फिल्टर राज्य करतो; ३४४०१ए मध्ये ३ हर्ट्झपर्यंत खाली जाणारा मंद फिल्टर निवडला की एका रीडिंगला सुमारे सात सेकंद लागतात.

आकड्यासोबत वेळही लिहावा

काट्याच्या काळात मोजणारा माणूस स्वतः थांबत असे, म्हणून आपण किती थांबलो हे त्याला ठाऊक असे. आता ते थांबणं मीटरच्या आत गेलं आहे आणि आपल्या नजरेआड झालं आहे. आपण अंक वाचतो. तो अंक किती आवर्तनांतून आला, मध्ये शून्य तपासलं गेलं की नाही, फिल्टर कोणता होता, हे वहीत क्वचितच उतरतं. मुंबईत चुनाभट्टीला विद्युत मापन उपकरणांच्या डिझाइनसाठी १९६९ पासून आयडीईएमआय ही संस्था काम करते आहे, नाशिकच्या सातपूरमध्ये मीटर बनवणारे कारखाने आहेत, गावोगावच्या आयटीआयमध्ये मुलं रोज मल्टिमीटर हाताळतात. मोजमापाची परंपरा आपल्याकडे आहे. तिच्यात एवढी एक सवय मुरावी असा माझा आग्रह आहे: प्रत्येक महत्त्वाच्या रीडिंगपुढे रेंज, आवर्तनांची संख्या आणि ऑटो-झिरो चालू की बंद हे तीन शब्दांत लिहावं.

हे लिहायची सवय लागली की निवडही शहाणपणानं होते. सिग्नल झपाट्यानं बदलतो आहे, तर एका आवर्तनाच्या खाली जा आणि अंक कमी मिळणार हे मान्य करा. हमच्या शेजारी डीसी मोजायचं आहे, तर एक पूर्ण आवर्तन द्या. अपूर्णांक देऊ नका. संदर्भ व्होल्टेज पडताळायचं आहे, तर दहा किंवा शंभर द्या आणि ऑटो-झिरो चालू ठेवा. आणि दहाचे शंभर करूनही शेवटचा अंक स्थिरावत नसेल, तर आणखी वेळ देणं थांबवून तारा, सांधे आणि खोलीचं तापमान यांकडे वळा. उरलेली चूक तिथे आहे.